शिरोरेघ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक: छोट्या सीएनसी राउटरवर खोली सारखी येत नाही

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

घरी छोटा सीएनसी राउटर (संगणकावरून चालणारं कोरायचं मशीन) आहे, ३०१८ म्हणतात त्यातला; म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरचा पल्ला. ७७५ मोटरचा स्पिंडल (बिट फिरवणारा भाग), ईआर-११ कॉलेट (बिट धरणारी पकड), कंट्रोलरवर मशीन चालवणारं जीआरबीएल. ॲल्युमिनियमच्या बेडवर १२ मिलिमीटरचा एमडीएफ बसवलाय आणि त्यावर फळी क्लॅम्प करते. नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी घरांच्या नावाच्या पाट्या कोरायच्या, हा माझा छंद. चिपळूणला राहते, त्यामुळे लाकूड बहुतेक फणसाचं, क्वचित सागवान. सॉ मिलमधून रंधा मारूनच आणते.

अडचण अशी आहे. ६० अंशांच्या व्ही बिटने (टोकदार असतो, जितका खोल जाईल तितकी रेघ रुंद) देवनागरी अक्षरं कोरते. आत्ताची पाटी 'मातृछाया'. शिरोरेघ डावीकडे 'मा'वर २.८ मिलिमीटर रुंद येते आणि उजवीकडे 'या'वर २.२. व्हर्नियरने मोजलंय. फाइलमध्ये रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी आहे. इंग्रजी अक्षरांच्या पाटीत एवढा फरक खपून जातो, पण आपल्याकडे अख्ख्या नावावरून एकच सरळ रेघ जाते. ती निमुळती झाली की फाटकाबाहेर उभ्या माणसालाही कळतं.

बिट नवीन घालून पाहिला. वेग मिनिटाला ६०० वरून ३०० मिलिमीटरवर आणला. कागद ठेवून शून्य, म्हणजे बिट फळीला टेकतो ती उंची, पुन्हा घेतला (शून्य डाव्या पुढच्या कोपऱ्यात घेते). फरक तेवढाच. उन्हाळ्यात काम ठीक होतं, जूनपासून हे सुरू झालं.

आणखी दोन गोष्टी, याच्याशी संबंध आहे की नाही मला कळत नाही. घर क्रमांकातला शून्य गोल येत नाही, चार ठिकाणी चपटा वाटतो. आणि सपाट बिटने पाटीची जमीन खाली घेतली की तळाला बारीक पायऱ्या राहतात, नखाला लागतात.

मशीन जिथून घेतलं ते म्हणतात स्पिंडल बदला. तो खर्च करायच्या आधी इथे विचारतेय. गणपतीच्या आधी पाट्या द्यायच्या आहेत. फोटो जोडलेत.

सोल्डर_तांबं

ताई, मी नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, याच मशीनवर सर्किट बोर्ड कोरतो. बोर्डावर तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉनचा, म्हणजे बेड केसभर जरी वरखाली असला तरी एका बाजूला तांबं कापलंच जात नाही. त्यामुळे आमच्याकडे हाइटमॅपशिवाय कोणी काम सुरूच करत नाही. कँडल या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे: बिट प्रत्येक ठिकाणी हळूच खाली येऊन टेकतो, तिथली उंची नोंदली जाते, आणि मग जी-कोड (मशीनला द्यायचे चालीचे आदेश) त्या उंचसखलपणाप्रमाणे वाकवला जातो. तांब्यावर तारेची क्लिप लावली की झालं. लाकडातून वीज जात नाही, म्हणून वर स्वयंपाकघरातला फॉइल ताणून चिकटवा, क्लिप त्याला लावा. सुरकुती मात्र राहता कामा नये, नाहीतर तीच मोजली जाईल.

अजून एक. जीआरबीएलमध्ये $१ ही सेटिंग २५५ करा. मुळात ती २५ असते, म्हणजे मशीन थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटरांचा जोर सुटतो. तुम्ही मध्येच बिट बदलायला पाना लावता तेव्हा स्पिंडल किंवा बेड हलतो आणि मशीनला पत्ताच नसतो. २५५ केलं की मोटरा धरून राहतात. थोड्या गरम होतात, ते चालतं.

जुना_फिटर

ताई, तुम्ही मोजून आकडे दिलेत म्हणून काही बोलता येतं. पोराने हाइटमॅपचं सांगितलं ते त्याच्या कामाला बरोबर आहे. तुमच्या कामाला मी ते आधी करू देणार नाही, का ते पुढे सांगतो. स्पिंडल बदलायचा विचारही करू नका.

पहिल्यांदा तुमचे आकडे घेऊ. ६० अंशांच्या बिटला रुंदी म्हणजे खोलीच्या १.१५५ पट. २.८ रुंदीला खोली आली २.४२, आणि २.२ रुंदीला १.९०. म्हणजे अर्धा मिलिमीटर. ९० अंशांचा बिट असता तर रुंदी खोलीच्या दुप्पट असते, तेव्हा तेवढ्याच फरकाला रेघ पुरा एक मिलिमीटर कमीजास्त झाली असती. तुम्हाला शोधायचाय तो हा अर्धा मिलिमीटर. तो एकाच ठिकाणी लपलेला असेल असं धरून चालू नका, बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणी वाटलेला असतो.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात टूलरूममध्ये माझी हयात गेली. नवीन पोरगं कामाला आलं आणि जॉब बिघडला की ते आधी पाना हातात घेतं आणि दिसेल तो स्क्रू आवळतं. मग मूळ दोष काय होता ते कोणालाच कळत नाही. पाना सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी एवढंच ठरवायचं की चूक जागेप्रमाणे बदलते, वेळेप्रमाणे बदलते, की दिशेप्रमाणे. हे तिन्ही भंगार फळीवर कळतं, पैसा लागत नाही.

जागेचं असं. एका फळीवर डावीकडून उजवीकडे नुसती एक सरळ रेघ कोरा. मग फळी सोडून, डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून परत बांधा आणि शेजारी दुसरी रेघ कोरा. बारीक टोक दोन्ही वेळा मशीनच्या उजवीकडेच आलं तर दोष बेडचा, एमडीएफचा नाहीतर गॅन्ट्रीचा (स्पिंडल धरणारी वरची चौकट). फळीबरोबर ते डावीकडे गेलं तर फळीला बाक नाहीतर पीळ आहे. सॉ मिलमधून रंधा मारून आणली म्हणजे फळी सरळ राहिली असं नसतं. पावसाळ्यात चार दिवस भिंतीला टेकवून ठेवली की ती आपली चाल चालते.

वेळेचं असं. तीच रेघ उजवीकडून सुरू करून डावीकडे कोरा. आता डावं टोक बारीक आलं तर जागेचा काही संबंध नाही. काम जसं पुढे जातं तसा बिट वर सरकतोय. व्ही बिट लाकडात दाबला जातो, कॉलेटमध्ये भुसा अडकून पकड ढिली झाली असेल तर तो वर ढकलला जातो आणि कट उथळ होत जातो. स्पायरल अपकट बिट (भुसा वर फेकणारा पिळाचा) असेल तर उलटं होतं: तो स्वतःला लाकडात ओढून घेतो, कॉलेटमधून खाली येतो, कट खोल होत जातो. कट खोल होत जाण्याचं दुसरं कारण म्हणजे वर उचलताना झेडची, म्हणजे वर-खाली नेणारी, मोटर पावलं चुकवते. म्हणून उथळ होतंय की खोल, हे नीट लिहून ठेवायचं. काम संपल्यावर बिट आधी पाच मिलिमीटर वर घ्या, सुरुवातीच्या कोपऱ्यात जा, आणि हळूहळू शून्यावर या. कागद सुरुवातीला जसा अडकत होता तसाच अडकतोय का बघा. साधा झेरॉक्सचा कागद दहावा भाग मिलिमीटरचा असतो, तेवढं हाताला कळतं. झेडच्या मोटरवरच्या कपलरचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलाय ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता जी चाचणी मी कधीच सोडत नाही ती. फळी न सोडता, शून्य न बदलता, तीच फाइल लगेच दुसऱ्यांदा चालवा आणि मशीनजवळ उभं राहून ऐका. बिट आधी कोरलेल्या खाचेतूनच जाणार आहे, त्यामुळे सगळीकडे तो मोकळा फिरल्यासारखा एकसुरी आवाज यायला पाहिजे. उजव्या टोकाजवळ आवाज जड झाला आणि खाचेतून पिवळा भुसा उडायला लागला तर समजा की पहिल्या फेरीत तिथे काहीतरी दबलं होतं, आता तो राहिलेला भाग कापला जातोय. हा दोष लवण्याचा. दुसऱ्या फेरीत काहीच निघालं नाही आणि रेघ तरीही बारीकच राहिली तर पृष्ठभागच तिथे खाली आहे. हा दोष सपाटीचा. दोन्हीचे इलाज वेगळे.

हाइटमॅपला मी नको म्हणालो ते यासाठी. तो उंची मोजतो तेव्हा बिट नुसता टेकलेला असतो, जोर शून्य. कापताना बेड खाली दबणार असेल तर ते त्याला दिसणारच नाही. सर्किट बोर्डात कापण्याचा जोरच नसतो म्हणून तिथे चालतं. दोन मिलिमीटर खोल फणसात नाही.

आणि या मशीनचा बेड दबतोच. त्याच्या बांधणीतच ते आहे. ३०० मिलिमीटरची पट्टी खाली मधल्या भागात दोन रॉडांवर बेअरिंगवर बसलेली आहे, डावी-उजवी टोकं अधांतरी. डायल गेज (सुईवर बारीक हालचाल दाखवणारं माप) मिळवा. मॅग्नेटिक स्टँड ॲल्युमिनियमला चिकटणार नाही, म्हणून गेज स्पिंडलच्या होल्डरलाच क्लॅम्पने धरा, टोक बेडच्या उजव्या कडेला टेकवा आणि तिथेच बाजूला अंगठ्याने दाबा. सुई हललेली दिसेल. किती घरं हलते ते लिहा. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मग अंगठा काढून बेडवर नऊ ठिकाणी वाचन घ्या: तीन डावीकडे, तीन मध्ये, तीन उजवीकडे. आधी एमडीएफ असताना, मग एमडीएफ काढून उघड्या ॲल्युमिनियमवर. दोन्ही वाचनांत फरक पडेल तो एमडीएफचा.

तुम्ही सहज लिहून गेलात की जूनपासून हे सुरू झालं. मला तुमच्या सगळ्या मजकुरात तेच वाक्य मोलाचं वाटतं. एमडीएफ म्हणजे दाबलेला लगदा. कापलेल्या कडांमधून तो ओल पितो आणि जाडीत फुगतो, आणि एकदा फुगला की वाळल्यावरसुद्धा पूर्ण मूळ जागी येत नाही. चिपळूणच्या पावसात उघड्या कडेचा एमडीएफ असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर.

शून्य चपटा येतो आणि तळाला पायऱ्या राहतात, ती दुखणी वेगळी आहेत. शून्य चपटा म्हणजे दिशेचा दोष, चाल देणाऱ्या स्क्रूवरच्या नटात प्ले (ढिलेपणा) आहे. वर्तुळात जिथे चाल उलटते तिथे, म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, स्क्रू फिरतो पण नट लगेच हलत नाही. डायल लावून एका दिशेने ०.१ चे टप्पे द्या, सुई चालायला लागली की उलट टप्पे द्या, आणि सुई हलायच्या आधी किती टप्पे फुकट गेले ते मोजा. जीआरबीएल हा प्ले आपल्या मनाने भरून काढत नाही, तो नटातच काढावा लागतो.

पायऱ्या म्हणजे स्पिंडल बेडला काटकोनात नाही. पुढे-मागे चालणाऱ्या फेऱ्यांमध्ये पायरी राहत असेल तर स्पिंडल डावी-उजवीकडे कललाय. आडव्या फेऱ्यांमध्ये राहत असेल तर पुढे नाहीतर मागे झुकलाय. तुटलेल्या बिटची दांडी एका लाकडी पट्टीत ठोकून कॉलेटमध्ये धरा, पट्टीच्या टोकाला एक स्क्रू, आणि स्पिंडलची वायर काढून हाताने गोल फिरवा. स्क्रूचं टोक आणि बेड यांच्यातली फट चारी बाजूंना सारखी पाहिजे. पुढे-मागे झुकाव असेल तर होल्डरच्या मागे कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घाला, तो साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. शिम म्हणून त्याच्याइतकी स्वस्त आणि चांगली वस्तू नाही. वायर काढल्याशिवाय कॉलेटजवळ हात नेऊ नका, हे मी सगळ्यांना सांगतो आणि तुम्हालाही सांगतो.

अक्षरवेडी

काकांनी मशीनचं सगळं सांगितलंय, मी फक्त अक्षरांचं सांगते. पुण्यात पाट्यांचंच काम करते.

फोटो मोठा करून पाहिला. रेघ निमुळती आहेच, पण त्याशिवाय 'मा' आणि 'तृ' जिथे जुळतात तिथे आणि 'छा'च्या पुढे शिरोरेघेच्या कडेला बारीक दात राहिलेत. ते मशीनमुळे नाहीत. व्ही कार्व्हमध्ये बिट आकाराच्या मधोमध चालतो आणि कोपरा आला की वर उचलला जातो, म्हणजे कोपरा टोकदार निघतो. फॉन्टमधून अक्षरं जशीच्या तशी घेतली तर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ ही स्वतंत्र पट्टी राहते, तिच्या दोन्ही टोकांना कोपरे. डोळ्याला रेघ सलग दिसते, पण सॉफ्टवेअर प्रत्येक जोडावर बिट वर उचलतं आणि तिथे लाकूड राहतं.

इंकस्केपमध्ये आधी ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग सगळी अक्षरं निवडून युनियन. त्यानंतर आउटलाइन दृश्यात बघा: शिरोरेघेला मध्ये कुठेही उभी रेघ दिसता कामा नये. काही फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांना नुसती टेकतात, एकमेकांवर चढत नाहीत. तिथे युनियन करूनही केसाएवढी फट राहते. मग शिरोरेघेच्या जाडीची एक लांब पट्टी वरून घालून तिच्यासकट युनियन करा. हे इंग्रजी शिकवण्यांमध्ये कोणी सांगत नाही, कारण त्यांना ही गरजच पडत नाही. पण आपली पाटी देखणी होते की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

फॉन्टबद्दल: मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' मोकळा उपलब्ध आहे आणि त्यात जाडीचे बरेच प्रकार आहेत. पाटीसाठी मधल्या जाडीचा घ्या. फार बारीक शिरोरेघ घेतली तर खोली मिलिमीटरभरच येते, आणि मग बेडमधला थोडासा फरकही रेघेच्या मानाने मोठा दिसतो.

गणपतीच्या आधीची घाई असेल आणि मशीन तोवर पुरतं जुळलं नाही, तर ३० अंशांचा व्ही बिट वापरून पाहा. त्याची रुंदी खोलीच्या ०.५४ पटच असते, म्हणजे तुमचा अर्धा मिलिमीटर रेघेत पाव मिलिमीटरच दिसेल. खोली मात्र दुप्पट जावी लागते आणि टोक नाजूक असतं, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत उतरवा. फणसाला जमेल. जुन्या कडक सागवानात मी तो बिट घालणार नाही. सागवानात सिलिका असते, टोक लवकर बोथटतं.

वाशिष्ठीकाठ

काका, अक्षरवेडी, सोल्डर, सगळ्यांचे आभार. खेर्डी एमआयडीसीत लेथवर असलेल्या शेजाऱ्यांकडून डायल गेज मिळाला, वाचनं घ्यायला ते स्वतः येऊन बसले.

फळी फिरवून पाहिली: बारीक टोक मशीनच्या उजवीकडेच राहिलं. उलट्या क्रमाने कोरलं तरी उजवीकडेच. शेवटी शून्यावर परत आल्यावर कागद तसाच अडकला. म्हणजे कॉलेट आणि झेडची मोटर ठीक आहेत असं मी समजते.

डायलची वाचनं, डाव्या कडेला शून्य धरून. एमडीएफसकट: मध्ये ०.१४ खाली, उजव्या कडेला ०.३८ खाली. एमडीएफ काढून: मध्ये ०.०३ खाली, उजवीकडे ०.१० खाली. एमडीएफ व्हर्नियरने मोजला तर डाव्या कडेला १२.४० आणि उजव्या कडेला १२.१२. मशीनच्या डाव्या हाताला खिडकी आहे, पावसाची झड तिथूनच येते. कडांना काहीच लावलेलं नव्हतं, जसा दुकानातून कापून मिळाला तसाच बसवला होता. डावीकडे बोट फिरवलं तर कड फुलल्यासारखी खरखरीत लागते, उजवीकडची गुळगुळीत आहे.

तीच फाइल दुसऱ्यांदा चालवली. उजव्या टोकाला खरंच भुसा निघाला, आवाजही बदलला. रेघ २.२ ची २.३ झाली. आणि अंगठ्याने दाबल्यावर उजव्या कडेला सुई बारा घरं हलली.

चपट्या शून्याचं: एक्समध्ये (डावी-उजवीकडे) टप्पा फुकट जात नाही, वायमध्ये (पुढे-मागे) दोन टप्पे जातात. पायऱ्या पुढे-मागे चालणाऱ्या फेऱ्यांत आहेत.

युनियन केल्यावर जोडावरचे दात पूर्ण गेले. ती रेघ बघून फार बरं वाटलं.

आता विचारायचं असं की एमडीएफ नवा घेऊ की दुसरं काही वापरू? इथे दुकानदार एचडीएचएमआर (एमडीएफसारखाच, पण जास्त दाट बोर्ड) घ्या म्हणतो. आणि तो सपाट करायला मोठा, २५ मिलिमीटरचा सरफेसिंग बिट लागेल का?

सोल्डर_तांबं

काका, जोराखाली बेड दबतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्या लॅबमधल्या मशीनलाही अंगठा लावून पाहिला, सुई हलते. ॲक्रिलिक कापताना एक कड सुटायची नाही ती यामुळेच असणार.

जुना_फिटर

ताई, काम शिस्तीत केलंत. हिशोब बघा: एमडीएफचे ०.२८, बेडचे ०.१०, आणि दुसऱ्या फेरीत निघाला तो ०.०९ च्या आसपास. बेरीज ०.४७. तुमचा अर्धा मिलिमीटर जवळजवळ सापडला. उरलेलं फळीत असेल.

एचडीएचएमआर घ्या, ओल कमी धरतो. पण तोही उघड्या कडांनी बसवायचा नाही. कापून आणल्यावर चारी कडा, खालची बाजू आणि बोल्टची भोकं यांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या, मध्ये पॉलिश पेपर मारून. वरची बाजू सपाट करून झाल्यावर शेवटी, पातळ हात. बोल्टची डोकी आत पुरेशी खोल गेलीत याची खात्री करा, नाहीतर बिट त्यांच्यावर जाईल.

२५ चा बिट या मोटरला झेपणार नाही, ती आवाज करत बसेल आणि होल्डर हलेल. ६ मिलिमीटरचा सपाट बिट घ्या, कॉलेट मात्र ६ चा वेगळा घ्यावा लागेल, सोबत आलेला ३.१७५ चा असतो. एका फेरीत ०.२ खोली, फेऱ्यांमधलं अंतर २.४. त्याच्या आधी स्पिंडल काटकोनात आणा, म्हणजे तुमच्या बाबतीत डावी-उजवीकडचा कल काढायचा. नाहीतर नव्या बोर्डावरही पायऱ्याच कोरल्या जातील. बोर्डावर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारून ठेवा. पहिल्या फेरीनंतर जिथे पेन्सिल उरली तो भाग खोलगट; ती पूर्ण जाईपर्यंत ०.२ ने खाली जात राहा. वेळ लागतो, लागू द्या. त्या वेळी नाकाला मास्क आणि शेजारी व्हॅक्यूम पाहिजेच, या बोर्डांचा भुसा छातीला चांगला नाही.

बोर्ड सपाट झाला तरी बेड दबायचा तेवढा दबणारच. त्याला मशीन खोलायची गरज नाही. एकाच फेरीत पूर्ण खोली न घेता दोन फेऱ्यांत उतरा आणि शेवटी तीच फाइल एकदा परत चालवा. क्लॅम्पही बघा: मागची टाच फळीपेक्षा किंचित उंच पाहिजे आणि बोल्ट फळीच्या जवळ. टाच खाली राहिली तर क्लॅम्प फळीला बाजूला ढकलतो आणि मधून उचलतो. पातळ पाटी असेल तर क्लॅम्पच नको. बोर्डाला एक मास्किंग टेप, पाटीच्या पाठीला एक, आणि मध्ये फेविक्विक. दमट हवेत ते पटकन धरतं, म्हणून जागेवर बसवायला वेळ लावू नका.

आणि फळीचाच बाक काढायचा असेल तर सरळ तिलाच मशीनवर सपाट करा. फळी एकदा बांधायची, ६ च्या बिटने वरचा ०.३ भाग काढायचा, फळी न सोडता व्ही बिट लावायचा, शून्य नव्याने घ्यायचा आणि कोरायचं. मग खाली बोर्ड कसाही असो, कोरायचा पृष्ठभाग मशीनच्या चालीला समांतरच राहतो. गणपतीच्या पाट्यांसाठी नवा बोर्ड वेळेत झाला नाही तर एवढं करून भागेल. बिट बदलताना $१ चं जे पोराने सांगितलं ते इथे कामाला येतं, ते जरूर करा.

वायचा प्ले ०.२ च्या घरात दिसतोय. स्प्रिंगवाला नट असेल तर स्प्रिंग दबून गेलीय का बघा. साधा पितळी नट असेल तर त्याच्या जागी टी-८ चा स्प्रिंगवाला घाला, लीड (स्क्रूच्या एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) ४ चाच पाहिजे, दुसरा घेतला तर मापं सगळी बिघडतील. नट बसवताना आधी स्क्रू ढिले ठेवा, बेड दोन्ही टोकांपर्यंत हाताने नेऊन आणा, मग आवळा, म्हणजे नट अडकून बसणार नाही.

बोर्ड बसला की नऊ ठिकाणची वाचनं परत घ्या आणि इथे टाका. उजव्या कडेला ०.०५ च्या आत आलं तर मी पुढे काही करायला सांगणार नाही.

वाशिष्ठीकाठ

करते काका. बोर्ड आणि ६ चा कॉलेट उद्या आणते, सीलर घरात आहे. 'मातृछाया' तोपर्यंत फळी सपाट करून, दोन फेऱ्यांत आणि युनियन केलेल्या फाइलने आत्ताच कोरून झाली: 'मा'वर २.५५, 'या'वर २.५०. वाचनं घेऊन कळवते.